लांबलेले दुखणे आणि खचणारे मन

— ऊस विकास अधिकारी



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. ऊस नोंदीसाठी गटातून फिरताना घरोघरी दिसते की, कुणाला दहा-बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे, कुणाचा लकव्याने हात-पाय लुळा पडला आहे, कुणाला दमा आहे, तर कुणाला आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला न्यावे लागते. गोळ्या घेतल्या का, हे सगळे घर विचारते. मन कसे आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. "आता सवय झाली," एवढ्यावर विषय मिटतो. पण बऱ्याच जणांना ती सवय झालेली नसते.

हुमणी लागलेला ऊस आपण ओळखतो. पाने पिवळी पडतात तेव्हा आधी वाटते पाणी कमी पडले असेल. मग पाणी देतो, युरिया टाकतो, तरी फरक पडत नाही. बेट उपटून पाहिले की कळते, मुळ्याच कुरतडल्या आहेत. लांबलेल्या आजारात मनाचे असेच होते. माणूस चिडचिडा होतो, गोळ्या चुकवतो, पथ्य मोडतो. घरचे म्हणतात, "हट्टीच झालाय." खाली काय कुरतडले जात आहे, ते दिसत नाही.

मन का खचते?

पहिले कारण म्हणजे कर्तेपण जाते. पहाटे मोटार चालू करायला जाणारा माणूस दिवसभर खाटेवर बसतो आणि तोडणीचा निर्णय मुलगा घेतो. दुसरे, आपला घराला भार झाला, बिलाचे पैसे आपल्या औषधात गेले, ही टोचणी. तिसरे, या दुखण्याला शेवटची तारीख नसते. ताप आठ दिवसांत उतरतो, मधुमेह आयुष्यभर सांभाळावा लागतो. रोज काय खायचे, काय टाळायचे याचा हिशेब करून माणूस थकतो. चौथे, लग्नकार्य, पारावरची बैठक सुटत जाते आणि माणूस एकटा पडतो.

मधुमेहींमध्ये नैराश्याचा आजार इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतो. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला तो गाठतो. मन खचले की औषध-पथ्य सुटते, ताणाने रक्तातली साखरही वाढते, आणि साखर वाढली की मन आणखी खचते. असे हे रहाटगाडगे चालू राहते.

यातून वाट आहे. दिल्ली, चेन्नई, बंगळूर आणि विशाखापट्टणम येथील चार मधुमेह दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. या सर्वांना मधुमेहाबरोबर नैराश्यही होते. काही जणांना नेहमीचे उपचार दिले. बाकीच्यांशी प्रशिक्षित कार्यकर्त्याने सतत संपर्क ठेवला आणि दोन्ही आजारांकडे एकत्र लक्ष दिले. दोन वर्षांनी पाहिले तर मन आणि शरीर, दोन्ही बाजूंनी सुधारलेल्यांचे प्रमाण या दुसऱ्या गटात जास्त होते.

कोल्हापूरचे उदाहरण

आपल्या ऊसपट्ट्यातलेच उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर लुळे पडले. पुढे सगळा अंधार दिसत असताना त्यांची गाठ अशाच अपंगत्वातून उभ्या राहिलेल्या एका उद्योजकाशी पडली. त्यातून उभारी आली. पुढे त्यांनी शिक्षण घेतले, नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभी राहिली. 'चाकाची खुर्ची' या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रवास सांगितला आहे. पाय परत आले नाहीत, पण काम परत आले. त्याच दुखण्यातून गेलेल्या माणसाशी बोलणे आणि हाताला झेपेल ते काम मिळणे, ही दोन औषधे दुकानात विकत मिळत नाहीत.

गावाकडून शहरात नेलेले आई-वडील

आपली पुष्कळ मुले आता नोकरीसाठी मुंबईच्या बाजूला आहेत. बदलापूरला मांजर्लीसारख्या भागात त्यांनी घरे घेतली आहेत. आजारी वडिलांना उपचारासाठी ती तिकडे नेतात, ते योग्यच आहे. पण मुलगा-सून सकाळच्या लोकलने कामाला गेली की म्हातारा दिवसभर चार भिंतींत. शेत नाही, गोठा नाही, ओळखीचा माणूस नाही. औषध वेळेवर मिळते आणि माणूस मात्र सुकत जातो. अशा वेळी मुलाने रोज संध्याकाळी पिकाची चर्चा करावी, सल्ला विचारावा, गावाकडच्यांनी फोन करावा. त्या बाजूला ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था मनाच्या आजारांसाठी काम करते.

घरच्यांनी काय पाहावे?

१. सलग दोन आठवडे उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप-भूक बिघडणे, "मी कशाला जगतोय" असे बोलणे. यांतले काही दिसले तर डॉक्टरांना सांगावे.

२. सगळेच मनाचे आहे असेही धरू नये. साखर एकदम उतरली तरी माणूस घामाघूम होतो, चिडतो, गोंधळतो. थायरॉइड कमी असेल किंवा मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतल्याने बी-१२ घटले असेल, तरी थकवा आणि उदासी येते. रक्त तपासून घ्यावे.

३. "धीर धर", "देवाचं नाव घे" एवढ्यावर थांबू नये. शेजारी बसून ऐकून घ्यावे.

४. झेपेल ते काम द्यावे. हिशेबाची वही, पाण्याच्या पाळीची नोंद, नातवंडांचा अभ्यास. निर्णयात विचारावे.

५. सेवा करणाराही थकतो, बहुधा घरची बाई. तिलाही आठवड्यातून एखादा दिवस मोकळीक हवी.

एक गंभीर गोष्ट

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील आत्महत्यांत कौटुंबिक अडचणींच्या खालोखाल आजारपण हे कारण आहे, शंभरात सुमारे अठरा. म्हणून शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधे आणि तणनाशके कुलपात ठेवावीत, चावी दुसऱ्याकडे असावी. तो वाईट क्षण पुष्कळदा टळून जातो, मात्र त्या वेळी हाताशी बाटली नसावी. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, माणूस बोलून मोकळा होतो. होकार आला तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र केव्हाही. मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मनाच्या आजारावर उपचार मिळतात. त्यात लाज कसली? पिकावर रोग पडला की आपण गट ऑफिसला कळवतोच ना?

घरात जुने दुखणे असलेल्या सभासदांनी हा लेख घरातील सर्वांना वाचून दाखवावा, ही नम्र विनंती.