फोर-बाय-फोर गाडीची पीयूसी आणि रोलरची भानगड

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला वरचेवर जाणाऱ्या आपल्या काही सभासदांकडे आता चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्या आहेत. कुणाची थार, कुणाची जुनी जिप्सी, कुणाची डस्टर. पीयूसीची मुदत जवळ आली की मंडळात हमखास प्रश्न निघतो: या गाड्यांना तपासणीत इजा होते का?

पीयूसीत होत नाही. आपल्याकडची पीयूसी उभ्या गाडीची असते, चाके फिरवावीच लागत नाहीत. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून इंजिन नुसते चालू असताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. भारत स्टेज ४ व पुढच्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. शिवाय मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर इंजिन ठेवून पुन्हा मोजायचे असते. इंजिन गार असेल तर चांगली गाडीही नापास होऊ शकते, कारण धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला नसतो. म्हणून गल्लीतल्या केंद्रावर थेट न जाता आधी आठ-दहा किलोमीटर फिरून या.

डिझेलला जरा जपावे लागते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबतात, सोडतात, असे काही वेळा करून धुराची दाटी मोजतात. इंजिन तापलेले हवे, ऑइलची पातळी बरोबर हवी आणि टायमिंग बेल्ट बदलायची वेळ उलटून गेलेली नसावी. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावा, गाडीच्या पुढे-मागे कुणाला उभे राहू देऊ नका. बंद शेडमध्ये तर ही तपासणी करूच देऊ नये.

थार-जिप्सीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. छोट्या लिव्हरवर २एच, ४एच, एन, ४एल असे टप्पे असतात. त्यातला 'एन' म्हणजे नेहमीचा न्यूट्रल नव्हे. तो लागला की गिअरबॉक्स आणि चाकांचा संबंधच तुटतो. गाडी गिअरमध्ये ठेवली, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये ठेवली, तरी उतारावर घरंगळते. पीयूसीला २एच आणि मुख्य गिअर न्यूट्रल एवढे पुरे.

खरा धोका रोलरवर आहे. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना फिटनेस लागतो, आणि यांत्रिक तपासणी केंद्रांत ब्रेक पाहायला एकेक अॅक्सल रोलरवर घेतात. काही मोठ्या वर्कशॉपमध्ये ताकद मोजायचा डायनोही असतो. अशा वेळी पुढची चाके रोलरवर आणि मागची जमिनीवर असली, आणि ४एच लागलेले असले, तर पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेला असतो. जमिनीवरची चाके गाडी ढकलतात आणि ती रोलरवरून उसळू शकते. समोर उभ्या माणसाचे काय होईल ते सांगायला नको. कायमस्वरूपी ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर मधला डिफरेन्शियल किंवा कपलिंग एका बाजूने वेगात फिरून तापते, आणि त्याची दुरुस्ती महागात जाते.

जिप्सी, थारमध्ये २एच लावले की प्रश्न मिटतो. डस्टरमध्ये २डब्ल्यूडी, ऑटो, लॉक असे बटण आहे. ऑटोवर विसंबू नका. ज्यांत असे बटणच नाही त्यांना दोनच चाकांच्या रोलरवर नेण्याआधी कंपनीचे पुस्तक उघडून पाहावे. काही कंपन्या ब्रेकच्या संथ रोलरला परवानगी देतात, काही देत नाहीत. 'सगळ्या गाड्या अशाच तपासतो' हे उत्तर आमच्या मते पुरेसे नाही.

कॅलिफोर्नियात मुलांकडे जाऊन आलेल्या सभासदांनी तिथल्या 'स्मॉग चेक'बद्दल ऐकले असेल. तिथे जुन्या गाड्यांचा धूर बऱ्याच भागांत रोलरवर चालवून मोजतात. ज्यांचा ऑल-व्हील ड्राइव्ह बंद करता येत नाही त्यांना मात्र रोलर टाळून, आपल्या पीयूसीसारखी उभ्यानेच दोन वेगांवर चाचणी देतात. २००० सालापासूनच्या बहुतेक गाड्यांना तर संगणक जोडूनच तपासतात.

आणि केंद्रावर पोचताच आपणहून सांगा, 'ही चारही चाकांची आहे.' थार दोन चाकांच्या ड्राइव्हमध्येही मिळते, डस्टरही मिळायची, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.