माल वेळेवर पोहोचतो; तो वाहणाऱ्याच्या दुःखाचे काय?

दरवर्षी जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कॅथलिक ख्रिस्तसभा ‘सी संडे’, म्हणजेच नाविकांचा रविवार पाळते. त्या दिवशी मिस्साबलिदानात नाविक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी विशेष प्रार्थना केली जाते. गोवा, मुंबई आणि कोकण किनाऱ्यावरील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या जहाजावरील नोकरीवर चालत आला आहे. तरीही घरावर संकट कोसळले असता दूर समुद्रावर काम करीत असलेल्या माणसाची अवस्था काय होते, याचा विचार आपल्या धर्मग्रामांत क्वचितच होतो.

जागतिक व्यापारातील ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. धान्य, इंधन, औषधे, यंत्रे, कपडे अशा असंख्य वस्तू कोणीतरी जहाजातून वाहून आणलेल्या असतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार जगातील व्यापारी जहाजांवर सुमारे १९ लाख नाविक काम करीत होते. मालवाहतुकीच्या या विशाल साखळीत माल कोठे आहे, हे क्षणाक्षणाला समजते. पण माल वाहणारा कोणत्या मनःस्थितीत आहे, याची नोंद कोठेही होत नाही.

दुःख अधिक जड का होते?

मालवाहू जहाजावर साधारणपणे वीस-पंचवीस माणसे असतात आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असते. अनेक जहाजांवर चार तासांचा वॉच आणि आठ तासांची विश्रांती असा क्रम अहोरात्र चालतो. एक माणूस खचून अंथरुणाला खिळला, तर त्याची पाळी उरलेल्या सोबत्यांवर येते. हे ठाऊक असल्यामुळे आईच्या निधनाची वार्ता समजल्यानंतरही तो माणूस डोळे पुसून वॉचवर उभा राहतो.

जमिनीवरील कामगार निदान पहिल्या गाडीने घरी जाऊ शकतो. भर समुद्रातील नाविकाला पुढील बंदर येईपर्यंत थांबावे लागते. तेथे उतरण्याची परवानगी, त्याच्या जागी येणारा माणूस, विमानाचे तिकीट या सर्वांची जुळवाजुळव होईपर्यंत घरी दफनविधी उरकलेला असतो. मृत माणसाचे अखेरचे दर्शन नाही आणि मूठभर माती देणेही नाही. असे अपुरे राहिलेले दुःख मनात दीर्घकाळ ठाण मांडून बसते.

याला आर्थिक भीतीची जोड मिळते. बहुसंख्य खलाशांची नोकरी कराराची असते. करार संपल्यावर अनेकांचा पगारही थांबतो. मध्येच घरी गेलो तर पुढच्या वेळी बोलावणे येईल काय, घराचे कर्ज कसे फिटेल, या चिंतेने अनेकजण पत्नीचे आजारपण किंवा मुलाची अडचण कप्तानाच्या कानावर घालतच नाहीत. घरचेही ‘त्याला उगाच काळजी नको’ म्हणून संकट लपवतात. दोन्हीकडील मौन प्रेमापोटी असते. परंतु त्यामुळे वेळेवर मिळू शकणारी मदत हुकते.

२०२० साली कोरोना महामारीत या वेदनेचे विराट रूप जगाने पाहिले. देशोदेशींच्या सीमा बंद झाल्या आणि त्या वर्षाच्या अखेरीस सुमारे चार लाख नाविक करार संपूनही जहाजांवरच अडकले होते. माल मात्र बंदरांत पोहोचतच होता. १ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने नाविकांना अत्यावश्यक कामगार मानण्याचे आवाहन सर्व देशांना केले.

कायदा काय सांगतो?

नाविक निराधार नाही, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेतले पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली सागरी कामगार करार संमत केला. २०१३ मध्ये तो अमलात आला आणि २०१५ मध्ये भारताने त्यास मान्यता दिली. त्यातील काही तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

विश्रांतीच्या तासांचा नियम स्वीकारलेल्या जहाजावर नाविकास २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. वेतन दरमहा मिळाले पाहिजे आणि त्याचा काही भाग वा संपूर्ण रक्कम थेट कुटुंबाकडे पाठविण्याची सोय असली पाहिजे. नोकरी मिळवून देण्यासाठी नाविकाकडून शुल्क घेण्यास मनाई आहे. तक्रार केल्याबद्दल त्याला त्रास देणे निषिद्ध आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद करार संपविण्याविषयीची आहे. अनुकंपेच्या वा अन्य तातडीच्या कारणास्तव नाविकाला अल्प सूचनेने, किंवा सूचना न देताही, दंडाविना करार संपविण्याची गरज पडू शकते. सूचनेची मुदत ठरविताना ही गरज विचारात घेतली पाहिजे, असे या करारात म्हटले आहे. अशा वेळी प्रवासखर्च कोणी सोसावयाचा, हे मात्र करारपत्रावर आणि लागू असलेल्या सामूहिक करारावर अवलंबून असते. म्हणून करारपत्राची एक प्रत जहाजावर आणि दुसरी घरी ठेवावी.

२०२२ साली संमत झालेल्या सुधारणा २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या आहेत. त्यांनुसार जहाजमालकांनी शक्य तेथवर नाविकांना इंटरनेटची सोय द्यावयाची असून शुल्क घेतल्यास ते वाजवी असले पाहिजे. घरच्यांचा आवाज ऐकणे ही चैन नसून गरज आहे, हे यातून मान्य झाले आहे.

ख्रिस्तसभेची सोबत

कायदा हक्क देतो. अश्रू पुसण्यासाठी माणूस लागतो. ही जाणीव ठेवून ४ ऑक्टोबर १९२० रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात पीटर अ‍ॅन्सन, आर्थर गॅनन आणि येशूसंघीय बंधू डॅनियल शील्ड्स यांनी नाविकांमधील प्रेषितकार्य संघटित केले. १९२२ मध्ये पोप पायस अकरावे यांनी त्यास मान्यता दिली. आज हे कार्य ‘स्टेला मारिस’, म्हणजे सागरतारा, या नावाने चालते. त्याचे धर्मगुरू आणि स्वयंसेवक बंदरात आलेल्या जहाजांवर स्वतः जातात. कारण कंटेनर जहाज बंदरात अनेकदा एक दिवसही थांबत नाही आणि नाविकाला मंदिरापर्यंत येण्यास सवड नसते. नाविकाचा धर्म वा देश कोणताही असो, त्याची विचारपूस केली जाते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ जानेवारी १९९७ रोजी ‘स्टेला मारिस’ हे प्रेषितीय पत्र प्रसृत करून या सेवेची चौकट निश्चित केली. सागरी लोकांत त्यांनी केवळ जहाजावरील कर्मचाऱ्यांचा नव्हे, तर त्यांच्या कुटुंबीयांचाही समावेश केला. अर्थात ही सेवा बंदरातच संपत नाही. ती नाविकाच्या गावातील धर्मग्रामाचीही जबाबदारी आहे. आपल्याकडे हा वारसा नवा नाही. जहाजाची वाट पाहणारे गोवेकर खलाशी मुंबईच्या धोबीतलाव परिसरातील गावोगावच्या ‘कुडां’मध्ये एकत्र राहत आणि संध्याकाळी गावच्या आश्रयदात्या संताच्या वेदीपुढे रोझरीची प्रार्थना करीत. एकाचे दुःख तेथे सर्वांचे होत असे.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात संत पौलाचा समुद्रप्रवास वर्णिला आहे. ते धान्य वाहणारे जहाज होते आणि त्यावर २७६ माणसे होती. वादळात प्रथम माल आणि अखेरीस गहूही समुद्रात टाकण्यात आला. भयभीत झालेल्यांना पौलाने धीर दिला आणि अन्न घेण्याचा आग्रह केला. जहाज फुटले, परंतु सर्व माणसे वाचली. आणि माल्टा बेटावरील अनोळखी रहिवाशांनी थंडी-पावसात शेकोटी पेटवून त्यांचे स्वागत केले. मालापेक्षा माणूस मोलाचा, हीच या प्रसंगाची शिकवण आहे.

आपण काय करू शकतो?

प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतील नाविक कुटुंबांची यादी ठेवावी. घरात आजारपण वा मृत्यू झाल्यास नेमणूक करणाऱ्या कंपनीशी तत्काळ लेखी संपर्क साधण्यास आणि वैद्यकीय अथवा मृत्यूचे दाखले मिळविण्यास कुटुंबाला मदत करावी. अनुपस्थित मुलासाठी दफनविधीचे दूरध्वनीवरून थेट दर्शन घडवावे आणि तो परतल्यावर त्याच्या उपस्थितीत पुन्हा एकदा स्मृतिमिस्सा अर्पण करावी. मनाचा ताण असह्य झाल्यास कुटुंबीयांना केंद्र शासनाच्या टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे. मदत मागणे ही श्रद्धेची उणीव नव्हे.

हेच प्रेम आपण महामार्गावरील ट्रकचालकाला, गोदामातील हमालाला आणि दारी पार्सल घेऊन येणाऱ्या तरुणालाही देऊ शकतो.

सागरतारा पवित्र मरियेने समुद्रावरील आपल्या सर्व बांधवांचे रक्षण करावे, शोकाकुलांना धीर द्यावा आणि त्यांना सुखरूप घरी आणावे, हीच प्रार्थना.