जोन जॉईस
जोन जॉईस (१८ ऑगस्ट, १९४० – २६ मार्च, २०२२) या अमेरिकेतील सॉफ्टबॉल खेळाडू व प्रशिक्षक होत्या. हौशी महिला सॉफ्टबॉलमधील सर्वश्रेष्ठ पिचरांमध्ये, म्हणजे चेंडूफेक करणाऱ्या खेळाडूंमध्ये, त्यांची गणना होते. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि गोल्फ या खेळांतही त्यांनी वरच्या दर्जाचे प्रावीण्य मिळवले.

बालपण
जॉईस यांचा जन्म कनेटिकट राज्यातील वॉटरबरी या कारखानदारीच्या शहरात झाला. त्यांचे वडील सॉफ्टबॉल व बास्केटबॉल खेळत आणि मुलांना आपल्याबरोबर मैदानावर नेत. भाऊही खेळाडूच होता. त्यामुळे चेंडू हाताळण्याचे शिक्षण जॉईस यांना शाळेपेक्षा घरीच अधिक मिळाले. १९५४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्या स्ट्रॅटफर्ड येथील रेबेस्टॉस ब्रेकेट्स या संघात दाखल झाल्या. मोटारींच्या ब्रेकचे अस्तर बनवणाऱ्या कंपनीचा हा संघ होता व त्याचे नावही त्यावरूनच पडले.

खेळाची शैली
महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांमुळे सॉफ्टबॉल मराठी वाचकांना सर्वस्वी अपरिचित नाही. यात चेंडू खांद्यावरून न टाकता हात कमरेखालून आणून फेकतात. मात्र त्यावरून हा सौम्य खेळ आहे असे समजणे चुकीचे ठरेल. बेसबॉलमध्ये चेंडूफेकीचे अंतर साडेसाठ फूट असते, तर जॉईस यांच्या काळी महिला सॉफ्टबॉलमध्ये ते ४० फूट होते. त्यामुळे ताशी ६० मैल वेगाचा सॉफ्टबॉल फलंदाजाला विचार करण्यास जेवढा वेळ देतो, तेवढाच वेळ बेसबॉलमधील ताशी सुमारे ९० मैलांचा चेंडू देतो. जॉईस 'स्लिंगशॉट' पद्धतीने चेंडू टाकीत. हात वर्तुळाकार न फिरवता तो मागे खेचून बेचकीतून दगड सुटावा तसा झटक्याने पुढे आणणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

या चेंडूफेकीचा प्रत्यय बेसबॉलमधील विख्यात फलंदाज टेड विल्यम्स यांना १९६१ साली वॉटरबरीतील एका प्रदर्शनीय सामन्यात आला. विल्यम्स आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. जॉईस यांच्या चेंडूंना त्यांची बॅट जेमतेम एक-दोनदा निसटती लागली आणि अखेर बॅट टाकून ते निघून गेले. जॉईस यांच्याविषयी लिहिताना हाच प्रसंग बहुधा प्रथम सांगितला जातो. तो रंजक आहे खरा, परंतु एका निवृत्त पुरुष खेळाडूची फजिती हे त्यांच्या कारकिर्दीचे योग्य माप नव्हे.

हौशी कारकीर्द
१९६४ ते १९६६ ही वर्षे जॉईस कॅलिफोर्नियातील ऑरेंज लायनेट्स संघाकडून खेळल्या. याच काळात त्यांनी चॅपमन महाविद्यालयात शिक्षण घेतले. उर्वरित हौशी कारकीर्द ब्रेकेट्समध्येच गेली. त्यांच्या नावावर सर्वसाधारणपणे ७५३ विजय व ४२ पराभव नोंदवले जातात. १५० सामन्यांत त्यांनी प्रतिपक्षाला एकही सुरक्षित फटका मिळू दिला नाही, तर ५० सामन्यांत एकही प्रतिस्पर्धी पहिल्या बेसपर्यंत पोहोचू शकली नाही. पिचर सहसा फलंदाजीत दुबळे असतात. जॉईस यांची फलंदाजीची सरासरी मात्र.३२७ होती. हौशी संघांचे बळ सारखे नसे, हे लक्षात घेता या आकड्यांहून १९७४ च्या जागतिक स्पर्धेला अधिक वजन द्यावे लागते. स्ट्रॅटफर्ड येथेच झालेल्या या स्पर्धेत ब्रेकेट्सने अमेरिकेला महिला सॉफ्टबॉलमधील पहिले जागतिक विजेतेपद मिळवून दिले.

या साऱ्या खेळावर उपजीविका होत नव्हती. जॉईस यांनी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले, बास्केटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून काम केले. स्वतः त्या बास्केटबॉलमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडून खेळल्या होत्या. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदास मनाई करणारा 'टायटल नाइन' हा कायदा १९७२ साली झाला, तेव्हा त्या बत्तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. महाविद्यालयीन खेळाडू म्हणून त्याचा लाभ त्यांना मिळणे शक्यच नव्हते.

व्यावसायिक खेळ व प्रशिक्षण
१९७६ साली टेनिसपटू बिली जीन किंग आदींसमवेत त्यांनी महिलांची व्यावसायिक सॉफ्टबॉल लीग सुरू केली. त्यांच्या कनेटिकट फाल्कन्स संघाने चारही वर्षे विजेतेपद पटकावले. पण १९७९ नंतर लीग बंद पडली. तोवर पस्तिशीनंतर त्या व्यावसायिक गोल्फकडे वळल्या होत्या. एलपीजीए स्पर्धांत त्यांना विजेतेपद मिळाले नाही, तथापि १९८२ साली १८ होलच्या एका फेरीत केवळ १७ पट मारण्याचा विक्रम त्यांनी केला. पट म्हणजे हिरवळीवर चेंडू होलात ढकलण्यासाठी मारलेला हलका फटका.

१९८३ साली त्यांचा अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉफ्टबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठात त्यांनी सॉफ्टबॉल संघ शून्यातून उभा केला. प्रशिक्षक म्हणून त्यांनी हजाराव्या विजयाचा टप्पा मार्च २०२२ मध्ये, मृत्यूपूर्वी काही दिवसच, गाठला. त्या वेळी त्या ८१ वर्षांच्या होत्या आणि त्यांचा हंगाम सुरूच होता.