कारखानीस कोण, तपासनीस कोण?

संरक्षण-खरेदीतील गैरव्यवहार म्हटला की बोफोर्सचे नाव प्रथम ओठांवर येते. 24 मार्च 1986 रोजी 410 तोफांचा 1437 कोटी रुपयांचा करार झाला. पुढच्याच वर्षी 64 कोटींच्या दलालीचा आरोप होऊन सरकार हादरले, आणि अखेरीस शिक्षा कोणालाच झाली नाही. दलाल आणि परदेशी बँकांच्या या सुरस कथेत एक साधा प्रश्न मात्र हरवला: माल करणाऱ्याचे आणि तो तपासणाऱ्याचे हितसंबंध परस्परांपासून कितपत अलग आहेत?

कोल्हापूरकरांना हा प्रश्न परका वाटू नये. शिवकालीन व्यवस्थेत पन्हाळ्यासारख्या गडावर किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी व हिशेब सबनिसाकडे आणि धान्य-दारूगोळ्याचा साठा कारखानिसाकडे असे. माणसे अप्रामाणिकच असतात असा त्यात आरोप नव्हता. सारी सूत्रे एका हाती गेली की प्रामाणिक माणसाचीही परीक्षा होते, एवढे मात्र ओळखलेले होते.

आज काय दिसते? 1 ऑक्टोबर 2021 रोजी देशातील 41 आयुधनिर्माणींच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे. या कंपन्या संरक्षण उत्पादन विभागाच्या अखत्यारीत येतात आणि मालाचा दर्जा पाहणारे महासंचालनालयही त्याच विभागाच्या अखत्यारीत! उत्पादनाचे उद्दिष्ट गाठल्याचे श्रेय ज्याने घ्यायचे, त्याच्याच तपासनिसाने माल नाकारायचा, ही अपेक्षा भाबडी आहे. 31 मे 2016 रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडारात अग्निकांड होऊन अनेकांचे बळी गेले, तेव्हा सदोष सुरुंगांकडे बोट दाखवले गेले होते. तेथे कोणी लाच खाल्ली असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि ढिली तपासणी आणि विकत घेतलेली तपासणी, यांत जवानाच्या दृष्टीने काय फरक?

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ओतकाम-कारखान्यांतील कोणताही जाणता कारागीर सांगेल, की ओतीव भागातील आतली पोकळी वरून दिसत नाही. म्हणूनच तपासनिसाच्या सहीला मोल, आणि म्हणूनच ती सही वळवण्याचे मोह. ते नेहमी पाकिटातूनच येतात असे नाही. सेवानिवृत्तीनंतर पुरवठादाराकडे मिळणारी सल्लागाराची खुर्ची हे अधिक सभ्य आमिष. ठराविक मुदतीपर्यंत अशा नोकरीस सरकारी परवानगी लागते खरी. परंतु मुदत सरेल ही आशा खुर्चीवर असतानाच मनात घर करते.

याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी पिढ्यान्‌पिढ्या फौजेला माणसे देत आली आहे. त्या गावातील जवानाला हाती आलेला गोळा तपासून पाहण्याची सोय नसते. तेव्हा तपासणीची यंत्रणा उत्पादन विभागातून काढून माल वापरणाऱ्या सेनादलांना जबाबदार करावी, पुरवठादाराकडील नोकरीवरचे निर्बंध तपासनिसांपुरते तरी अधिक लांबवावेत, आणि किती माल नाकारला गेला व कोणाचा, याचा तपशील दरसाल संसदेपुढे ठेवावा. गुप्ततेची सबब येथे पुढे केली जाईल. पण नापास झालेल्या मालाची यादी शत्रूपेक्षा पुरवठादारालाच अधिक जाचक ठरणार आहे.