तिथीची पाऊणपट

कोकण किनाऱ्यावरच्या एखाद्या जाणत्या कोळ्याला विचारा, "आज पूर्ण भरती किती वाजता?" तो आधी तिथी आठवील. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा तिकडचा जुना ठोकताळा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी.

असे का? चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तितकी पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. रोज थोडी तूट राहते. पण पौर्णिमेला सव्वाअकरा आणि लगेच प्रतिपदेला पाऊण, अशी उडी घेऊन ठोकताळा ती बरीचशी भरून काढतो.

या हिशेबावर पोट अवलंबून असते. बोंबील, जवळा पकडणारी डोल हे पिशवीसारखे जाळे एका जागी बांधलेले असते. मासळी प्रवाहाबरोबर आत येते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात प्रवाह जोरदार, तर अष्टमीच्या सुमारास, भांगात, तो मंद. म्हणून डोलीचा धंदा उधाणाचा.

चंद्राची गती बदललेली नाही, तेव्हा हे ज्ञान आजही खरे ठरते. वाऱ्या-ढगांवरून बांधलेल्या अंदाजांचे मात्र तसे नाही. अरबी समुद्राचे पाणी तापत आहे, आणि गरम पाणी वादळांना ऊर्जा पुरवते. २०१७ साली ओखी वादळात केरळ-तमिळनाडूचे अनेक मच्छीमार खोल समुद्रातच सापडले आणि कित्येक परतले नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ थेट रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. अशा वेळी आजोबांचा अनुभव पुरा पडत नाही. हवामान खात्याचा इशारा वेळेवर होडीपर्यंत पोचावा लागतो. आम्हांला वाटते, खरा प्रश्न जुने की नवे हा नाहीच. कोणते ज्ञान कशावर उभे आहे, हे ओळखता आले पाहिजे.

वर्गात करून पाहा : महिनाभर पंचांगातील तिथी आणि वर्तमानपत्रात येणारी मुंबईच्या भरतीची वेळ नोंदवा. ठोकताळ्याने काढलेली वेळ शेजारी लिहा आणि फरकाचा आलेख काढा. फरक सर्वांत जास्त कोणत्या तिथींना येतो? का?