कोरडे डोळे आणि गरम शेकाची पट्टी

डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखी खुपते, संध्याकाळी वाचताना अक्षरे पुसट होतात, अशी तक्रार आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी वारंवार करतात. एबेनच्या कचेऱ्यांत दिवसभर संगणकापुढे बसणारी आपली मुलेही हल्ली तेच सांगतात. पुष्कळांच्या डोळ्यांतून उलट पाणी वाहते, म्हणून ‘कोरडे डोळे’ हे नाव त्यांना पटत नाही. पण कोरडा पडलेला डोळा टोचू लागला की तो घाईने पाणी सोडतो. ते पाणी डोळ्यावर टिकत नाही, गालावरून ओघळून जाते.

असे का होते? आपल्या पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथींची रांग असते. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी 1666 साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना माइबोमच्या ग्रंथी म्हणतात. त्यांतले तेल अश्रूंवर पातळ सायीसारखे पसरते आणि अश्रू लवकर सुकू देत नाही. वय वाढले की हे तेल घट्ट होऊन ग्रंथींची तोंडे बुजतात. पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्याही कमी मिटतो. त्यात एअर कंडिशनरची हवा आणि आपल्या बेटावरचा हिवाळ्यातला आग्नेयेचा वारा यांची भर पडते.

गोठलेले तूप ऊब लागताच पातळ होते, तसेच हे तेल शेकाने सुटते. त्यासाठी पापणीला सुमारे 40 अंश सेल्सिअसची ऊब पाच ते दहा मिनिटे सतत मिळावी लागते. गरम पाण्यात पिळलेले फडके दोन-तीन मिनिटांतच निवते, म्हणून ते पुन्हा पुन्हा बदलावे लागते. रोज एवढे करणे होत नाही, आणि इथेच तयार पट्टी उपयोगी पडते.

फार्मसीत या पट्ट्या साधारण तीन प्रकारच्या मिळतात. मण्यांनी भरलेली पट्टी मायक्रोवेव्हमध्ये तापवतात. ती बरेच महिने चालते, म्हणून संसारी घराला परवडते. विजेच्या पट्टीची ऊब ठरावीक राहते, पण तिला तापमान कमी-जास्त करण्याची सोय आणि आपोआप बंद होण्याची व्यवस्था असावी. एकदाच वापरून टाकायची पट्टी प्रवासात बरी, रोजच्या उपयोगाला महाग पडते. घेताना पाहावे की तिचे कापड मऊ आणि धुता येणारे आहे, ती दोन्ही पापण्यांवर सारखी बसते आणि डोळ्याच्या बुबुळावर दाब देत नाही. मोज्यात तांदूळ भरून घरीही पिशवी करता येते, पण ती कुठे कमी तर कुठे जास्त तापते, त्यामुळे चटका बसण्याचे भय राहते.

पट्टी वेष्टनावर लिहिले असेल तेवढाच वेळ तापवावी आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूस लावून पाहावी. तिथे सोसत नसेल तर डोळ्यावर ठेवूच नये. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्यात, काजळ पुसून टाकावे. शेकानंतर स्वच्छ बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर, अशी अगदी हलक्या हाताने कडेकडे चोळावी. डोळा दाबू नये. मग काही वेळा पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात. सुरुवातीला दिवसातून दोनदा, काही आठवडे नेमाने केले तर गुण दिसू लागतो. दोन दिवसांत सोडून देणाऱ्याला पट्टी कितीही महाग असली तरी उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहाने सांगू. प्रत्येक चुरचुर कोरडेपणाची नसते. डोळा दुखत असेल, लाल झाला असेल, उजेड सोसत नसेल किंवा नजर अचानक कमी झाली असेल, तर शेकत बसू नये; तडक डॉक्टर गाठावा. डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल तर विचारल्याशिवाय पट्टी लावू नये. ॲलर्जीने खाज सुटली असेल तर गरम नव्हे, गार पट्टी बरी. आपल्या समाजात मधुमेह घरोघरी आहे. त्याने डोळ्याच्या आतला पडदा बिघडतो तेव्हा आरंभी काहीच दुखत नाही, आणि तिथे कोणताही शेक पोचत नाही. म्हणून आजी-आजोबांना पट्टी आणून देणाऱ्या नातवंडांनी त्यांना वर्षातून एकदा डोळे तपासायलाही न्यावे.