टीसीएल, तुरटी आणि आरओचं पाणी

आमचं औंध खटावच्या दुष्काळी पट्ट्यातलं. विहिरी-बोअरचं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, हंड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. हे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार.

तुरटीने ते जात नाहीत, हे आधी सांगतो. तुरटी गढूळपणा गोळा करून खाली बसवते, विरघळलेले क्षार तसेच राहतात. जंतूंसाठी टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर: 1000 लिटरला साधारण 5 ग्रॅम. बादलीत कालवून अर्धा तास निवळू द्यायची आणि वरची निवळीच टाकीत ओतायची. चुना तळाला राहतो. आणखी अर्ध्या तासाने नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडिनचे, थेंब टाका. पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवाच.

विरघळलेले क्षार काढायचे तर आरओ लागतो. पण आरओचा पडदा याच क्लोरीनने खराब होतो! म्हणून मोठ्या प्लांटात आधी सोडियम बायसल्फाइटने क्लोरीन काढतात आणि क्षार पडद्यावर चिकटू नयेत म्हणून अँटिस्केलंट सोडतात.

क्लोरीन गेलेल्या पाण्याला पुढे राखण उरत नाही. त्यामुळे आरओचा जार दर वेळी धुऊनच भरा, आणि तोंडाशी हात लावू नका.